पुतळाने काढलेली नखं

दिवाळे गावच्या कोळीवाड्यात पुतळाला कुणी पुतळाबाई म्हटलं नाही, आणि मावशी-आत्या म्हणून तिच्याशी सलगी करायची कुणाची हिंमतही झाली नाही. ती नुसती पुतळा. बेलापूरच्या बाजारात टोपली घेऊन बसली की शेजारच्या कोळणी आपापल्या टोपल्या हातभर पलीकडे सरकवायच्या. मासा तिचा ताजा असायचा, वजनात खोट नसायची, पण जिभेला हाड नव्हतं ते नव्हतंच. गिऱ्हाइकाने पापलेटाचा कल्ला उचकटून पाहिला तर ती त्याच्या बायकोची चौकशी करायची, लग्नाआधी तिलाही असंच तपासून घेतलं होतं का म्हणून.

ती जन्मापासून अशी होती असं म्हणणारे लोक होते, पण ते खरं नाही. नवरा होता तोवर ती चारचौघींसारखी होती. नवऱ्याचं नाव चांगदेव. हसरा माणूस, हाताचा कसबी, कामाचा मात्र थोडा अघळपघळ. देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. खाडीत शिंगाळी लागली. या माशाच्या पाठीवर आणि कल्ल्यांपाशी विषारी काटे असतात. जाळ्यातून काढला की आधी ते काटे मोडायचे आणि मगच मासा टोपलीत टाकायचा, हे कोळ्याच्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं. चांगदेवने त्या दिवशी गप्पांच्या नादात मासा तसाच उचलला. काटा तळहातात खोल गेला. त्यावर त्याने चुना लावला, फडकं बांधलं, वर दोन विनोद केले. पुढच्या आठवड्यात त्याचा जबडा मिटला तो उघडलाच नाही. धनुर्वाताने माणूस कसा वाकडा होऊन मरतो ते पुतळाने उशाशी बसून पाहिलं. तेव्हा तिचा धर्मराज सात वर्षांचा होता.

रडून झाल्यावर तिने त्या मरणातून एकच गोष्ट उचलली: आधी काटा मोडायचा. माशाचा, गिऱ्हाइकाचा, भाऊबंदांचा, पोटच्या पोराचा. दिराने घरावर हक्क सांगितला तेव्हा तिने भर पंचायतीत त्याची अशी काही लक्तरं काढली की पुढे वर्षभर तो तिच्या दारावरून न जाता चिखलातून वळसा घालून जायचा. धर्मराज शाळेतून एकदा उलट बोलायला शिकून आला, तेव्हा तिने त्याला दिवसभर मासळी वाळवायच्या वलांडीच्या खांबाला बांधून ठेवला, सुकणाऱ्या बोंबलांखाली, माश्यांच्या घोंगावण्यात. संध्याकाळी सोडला तो गरीब गाय होऊन. शेजारची काशी म्हणाली, पोराला असं मोडू नये. पुतळा म्हणाली, मोडलेलं पोर घरात राहतं.

घरात राहणं, हीच तिची खरी भीती होती. चांगदेवने मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक हे पोर आणि दुसरी त्याने स्वतः विणलेली डोल. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. रुंद तोंड, निमुळती होत गेलेली शेपूट. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायची आणि पाण्यानेच मासा आत आणून द्यायचा. दरसाल फाटलेला भाग कापून पुतळा तिथे नवा विणायची, झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून पुन्हा तांबूस करायची. पंधरा वर्षांत चांगदेवच्या हातचं त्यात किती उरलं होतं, ते फक्त तिची बोटं सांगू शकत होती. तोंडाजवळचे दोन-तीन हात, बस्स. पण तेवढ्यासाठी तिने ती डोल देवासारखी जपली होती.

साठ साल उलटलं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उभे राहायला लागले. कोळीवाड्यातली पोरं वल्ही भिंतीला टेकवून खाकी कपडे घालू लागली. धर्मराजचं लग्न सारसोळ्याच्या मैनाशी झालं, तर तिचा भाऊ गोवर्धन नेमका कारखान्यात लागलेला. लग्नाच्या मांडवातच तो धर्मराजला म्हणाला की साहेबाला सांगून ठेवतो, चिखलात किती दिवस कुजणार. धर्मराजचे डोळे चमकले, आणि पुतळाने ते पाहिलं. त्याच वर्षी नारळी पौर्णिमेला, खाडीला नारळ देऊन झाल्यावर, तिने सगळ्या गावादेखत पोराचा हात धरून डोलीवर ठेवला आणि त्याच्याकडून वदवून घेतलं: "यी डोल धड हाय तवर खाडी सोडनार नाय." धर्मराजने मान खाली घालून शब्द दिला. कोळी खाडीच्या साक्षीने दिलेला शब्द मोडत नाही. पुतळा त्या दिवशी पोटभर जेवली.

पहिल्या दिवाळीला मैना माहेरहून परतली ती एका मांजरीसकट. भाऊबीज करून येताना टोपलीत घालून आणली तिने. रुपेरी करड्या रंगाची, लांब, हडकुळी. धर्मराजने तिचं नाव ठेवलं वाकटी. सुकवलेल्या वाकटी माशासारखीच दिसायची म्हणा. पुतळाला मांजर नको होती असं नाही. डोल पावसाळ्यात माळ्यावर ठेवायची आणि खाडीकाठच्या घुशी-उंदरांना तागाच्या दोरीची चटक फार, म्हणून कोळ्याच्या घरात मांजर लागतेच. आधीची म्हातारी होऊन मेली होती. नको होतं ते हे, की वाकटी मैनाची होती. ती मैनाच्या पायात घोटाळायची, मैनाच्या हातून खायची, आणि धर्मराज संध्याकाळी आईजवळ बसायचं सोडून ओट्यावर मैनाशेजारी बसून तिला सुतळीचं टोक दाखवून खेळवायचा. दोघं हसायची. त्या घरात हसण्याचा आवाज चांगदेवच्या माघारी पहिल्यांदा येत होता, आणि तो पुतळाच्या कानात काट्यासारखा शिरायचा.

मांजर कामाची मात्र होती. माळ्याच्या सागवानी खांबावर नखं रोवून सरसर वर जायची, आढ्यावरून फिरायची आणि दर दोन दिवसांनी एक घूस आणून उंबऱ्यावर ठेवायची. त्या खांबावर तिच्या नखांचे ओरखडे दिसायचे. पुतळा ते ओरखडे मोजल्यासारखी बघायची आणि म्हणायची, आज खांब, उद्या माझी डोल. काशीने समजावलं, अगं नखं आहेत म्हणून मांजर आहे, नाहीतर ससा पाळ. पुतळाने ऐकलं नाही. तिला डोल जपायची होती हे खरं, पण मैनाच्या मांडीवर बसून तिच्याकडे रोखून बघणाऱ्या त्या जनावराचा माजही उतरवायचा होता, आणि त्यातलं कुठलं जास्त, हे तिचं तिला तरी कुठे ठाऊक होतं.

पुढच्या साली आखाड लागताना होड्या वर ओढल्या. डोल गोड्या पाण्यात धुऊन, अंगणात सुकवून माळ्यावर नेली. दोनच दिवसांनी पुतळा शिडी लावून वर गेली, तर तोंडाजवळचे चार आस, म्हणजे विणीचे चौकोन, तुटलेले. नेमके चांगदेवच्या हातचे. मांजर त्याच डोलीच्या ढिगाऱ्यावर अंगाचं वेटोळं करून झोपली होती. पुतळाचं डोकं फिरलं.

जाळं विणणाऱ्या बाईला एक गोष्ट न बघताही कळते. नखात अडकून तुटलेला धागा ओढला जातो, त्याचं टोक पिंजतं, केसाळ होतं. दाताने तोडलेला धागा जागच्या जागी तुटतो, टोक आखूड आणि बोथट राहतं. पुतळाने असे हजारो धागे हाताळले होते. तिने फक्त ते टोक दोन बोटांत धरायचं होतं. पण रागाने पेटलेल्या माणसाची बोटं आधी आंधळी होतात. तिने तुटके धागे मुठीत घेतले, मांजरीची मानगूट धरली आणि खाली उतरली.

मैना चुलीपाशी होती. तिने सासूच्या मुठीतले ते तुटके धागे पाहिले, एक टोक हातात घेतलं आणि तिची बोटं थांबली. तीही सारसोळ्याची कोळीण, जाळ्यात वाढलेली.

"आये," ती म्हणाली, "यो धागा नखाचा नाय."

पुतळाने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. ज्या डोलीवर तिचं आयुष्य गेलं ती डोल कालची आलेली पोरगी तिला शिकवत होती. "परत डोलीचा शब्द काढलास," ती म्हणाली, "त तुजी जीब बी याच अडकित्त्यात घालीन."

अडकित्ता तिने कमरेच्या चंचीतून काढलाच होता. सुपारीचा, पितळी मुठीचा, चांगदेवने जत्रेतून आणलेला. मांजर धरायला तिने मैनालाच बसवलं. मैना नको म्हणाली, मग गयावया केली, मग म्हणाली की नुसती टोकं कापू, पांढरी असतात तेवढीच, आत लाल दिसतं तिथे जीव असतो, माझी आजी कापायची तशी मी कापते. पुतळा म्हणाली, टोकं परत वाढतात. मैनाने मांजरीला लुगड्याच्या पदरात गुंडाळून छातीशी धरलं, तिचा एकेक पंजा बाहेर काढला, आणि पुतळाने एकेक बोट दाबून नख पुढे काढून मुळापाशी अडकित्ता मिटला. सुपारी फुटावी तसा आवाज यायचा. पहिल्या दोन नखांना मांजर ओरडली, तिसऱ्याला तिने मैनाच्या दंडाचा लचका तोडला. मैनाने हात सोडला नाही, कारण सोडला असता तर पुतळाने ते काम एकटीने केलं असतं, आणि ते आणखी वाईट झालं असतं. "घट्ट धर, हालू देऊ नको," पुतळा एवढंच म्हणत होती, मासे साफ करताना म्हणावं तसं. पुढच्या दोन्ही पंजांची झाल्यावर ती उठली, अडकित्ता धुतला आणि त्यानेच सुपारी कातरून तोंडात टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी दिली तिने.

धर्मराज घरी आला तेव्हा मैना दंडाला हळद लावून बसली होती आणि मांजर चुलीमागे राखेत पंजे खुपसून थरथरत होती. त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि जेवायला बसला. बोंबलांखाली बांधलेलं पोर तेव्हाही त्याच्या आत तसंच उभं होतं. पुतळाला बरं वाटलं. मैना मात्र त्या दिवसानंतर ओट्यावर नवऱ्याशेजारी बसेनाशी झाली.

पंजे चिघळले. मैना कडुलिंबाच्या पाण्याने धुवायची, खोबरेल लावायची. थोड्या दिवसांनी मांजर चालायला लागली, आणि एकदा तिने सवयीने खांबावर उडी घेतली. हातभर वर गेली आणि भिंतीवरून ओला गोळा घसरावा तशी खाली आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. पुतळा ओट्यावरून बघत होती. तिला हसू आलं. आता माझ्या डोलीपर्यंत जाऊन दाखव, म्हणाली.

शिडी असती तर मांजर शिडीने तरी गेली असती. पण श्रावणाच्या तोंडाला वादळात मागच्या पडवीचं छप्पर कललं आणि पुतळाने शिडीच टेकू म्हणून तिथे ठोकून टाकली. डोल आहे जागच्या जागी, वर जायचं काय काम, असं ती म्हणाली. तिचे गुडघेही आता वर चढू देत नव्हते, आणि उजव्या कानाने तर तिला पूर्वीपासूनच कमी ऐकू यायचं.

एका सकाळी वाकटी अंगणात उन्हाला बसली होती. बंदरावरची कुत्री आली. एरवी ती माडावर चढून कुत्र्यांना वरून वाकुल्या दाखवायची. त्या दिवशीही माडाकडेच पळाली, बुंध्याला पंजे लावले, आणि ते निसटले. मैना काठी घेऊन धावली तोवर सगळं आटपलं होतं. तिने परसात खड्डा खणला. पुतळा म्हणाली, मांजरासाठी सुतक पाळतेस काय, चूल पेटव. काशी आपल्या मांजरीचं एक पिल्लू घेऊन आली, घरात जाळं आहे, मांजर हवी म्हणाली. पुतळाने तिला पिल्लासकट परत धाडलं. आमच्या घरात नखं नकोत म्हणाली.

मग नारळी पौर्णिमा आली. नारळ खाडीला दिला, होड्या रंगल्या, बायका नटल्या. दुसऱ्या दिवशी पहिली डोल लावायची म्हणून धर्मराजने टेकूची शिडी सोडवून माळ्याला लावली. पुतळा खाली हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. दरसाल डोल खाली आली की ती तिची पूजा करायची. धर्मराज वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. मग त्याने डोल खाली सोडली. ती एका तुकड्यात खाली आलीच नाही. आधी एक पुंजका, मग दुसरा, मग कुरतडलेल्या तागाचा भुसा पायलीभर. तोंडाजवळच्या भागाचं घुशींनी घरटं केलं होतं, आणि त्या घरट्यात न उघडलेल्या डोळ्यांची गुलाबी पिल्लं वळवळत होती. ती पुतळाच्या ताटात पडली.

तिने ताट खाली ठेवलं. भुशात हात घातला. एक टोक सापडलं, ते तिने दोन बोटांत धरलं. आखूड आणि बोथट. आता तिची बोटं बरोबर सांगत होती, आणि तिला आखाडातले ते चार आस आठवले, आणि चुलीपाशी थांबलेली मैनाची बोटं. तिने वर पाहिलं. मैना दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुना कुरतडनं ऐकू येत व्हतं?" पुतळाने विचारलं.

"येत व्हतं. रोज." मैना म्हणाली. "रोज सकाली भुसा पडायचा. झाडून चुलीत टाकायचे."

"मंग बोलली का नाय?"

"डोलीचा शब्द काढायचा नाय, तूच सांगितलंस."

गिऱ्हाइकांची, दिराची, सगळ्या बाजाराची तोंडं बंद करणाऱ्या बाईपुढे सुनेने तिचेच शब्द आणून ठेवले होते. आपलेच दात, आपलेच ओठ. ती धर्मराजकडे वळली. त्याने बायकोच्या कानाखाली एक तरी ओढावी, निदान आईजवळ बसून बापाच्या डोलीसाठी दोन टिपं गाळावीत, एवढंच तिला हवं होतं. धर्मराज शिडीच्या तळाशी उभा होता, अंगभर भुसा. तो त्या भुशाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. वलांडीच्या खांबावरून त्याला सोडलं तेव्हा तिने त्याचा चेहरा पाहिला नव्हता, आज पाहिला. तो सुटला होता.

"शब्द डोलीपुरता व्हता, आये," तो एवढंच म्हणाला.

गणपती झाले आणि तो गोवर्धनबरोबर कारखान्यात जायला लागला. मैनाला हवं होतं ते मिळालं, सुंठीवाचून खोकला गेला म्हणा हवं तर, पण सुंठ लागली नाही असं काही नाही. एक मांजर लागली. होडी पहिल्या वर्षी उलथी पडून राहिली, दुसऱ्या वर्षी तिच्या फळ्या काशीच्या गोठ्याला गेल्या. पुतळा काही दिवस बाजारात दुसऱ्यांचा मासा घेऊन बसली, मग तेही बंद झालं. ओट्यावर बसून ती उरलेल्या तागातून हातभर जाळं विणायची आणि संध्याकाळी उसवायची. सुंभ जळला तरी पीळ राहतो, तशी ती जाणाऱ्या-येणाऱ्याला बोल लावायची, पण शेजारणी आता हसायच्या. काटा मोडला की शिंगाळीसुद्धा पोरं हातात घेऊन खेळतात.

अडुसष्ट सालच्या थंडीत तिची उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, चांगदेवचं झालं होतं तसं, फक्त ती मेली नाही. मैनाने तिचं सगळं केलं. गावात कुणालाही विचारा, सुनेच्या करण्यात कुणी बोट ठेवू शकलं नसतं. गरम पाणी, मऊ भात, दर दोन दिवसांनी केस विंचरणं. धर्मराज घरी आला की म्हणायचा, माझी बायको देवमाणूस आहे. पुतळा ते ऐकायची आणि तिला काही म्हणता यायचं नाही, कारण जीभ आता खरोखरच गेली होती.

आणि दर सोमवारी मैना तिची नखं काढायची. धर्मराजने नखं कापायचं नवं यंत्र आणून दिलं होतं, ते फळीवर तसंच पडून होतं. मैना पुतळाच्या उशाखालची चंची काढायची, तिच्यातून पितळी मुठीचा अडकित्ता काढायची आणि सासूचा लुळा हात पदरात गुंडाळून मांडीवर घ्यायची. एकेक बोट दाबून पुढे काढायची. घट्ट धरायची, हलू द्यायची नाही. पांढरं टोक तेवढंच कापायची, तिच्या आजीने शिकवलं होतं तसं. लाल भागाला तिने कधी पातं लागू दिलं नाही, एकदाही रक्ताचा थेंब आला नाही. पण अडकित्ता मिटेपर्यंत दर नखाला पुतळाचा श्वास अडकायचा आणि डोळे गच्च मिटायचे. मैना ते डोळे उघडेपर्यंत थांबायची, मग पुढचं बोट घ्यायची.